कोळशाची भट्टी की डिझेलचा बर्नर, जास्त आवाज कोणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात क्लासच्या भागात पहाटे साडेचारला चक्कर मारा. पोरं उठायच्या आधी पाणी उठतं. एका वसतिगृहाच्या मागच्या बोळातून एकसुरी 'घूंऽऽ' ऐकू येतं, तो डिझेलचा बर्नर. दोन घरं सोडून नुसती फावड्याची खरखर, मग लोखंडी दार आपटल्याचा 'ठण्', मग शांत. ती कोळशाची नाहीतर लाकडाची भट्टी. अठरा वर्षं झाली, मी ही गरम पाण्याची यंत्रं बसवतो आणि दुरुस्त करतो. वसतिगृहं, मंगल कार्यालयं, लॉज, एखाददुसरं मोठं घर. पूर्वी लोक पहिल्यांदा खर्च विचारायचे. आता पहिला प्रश्न आवाजाचा असतो, कारण शेजारी भांडतात. तेच ते प्रश्न फोनवर येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आडवळण नको. जास्त आवाज कोळशाचा की डिझेलचा?

डिझेलचा. त्यात शंका नाही.

पण जी कोळशाची भट्टी फक्त चिमणीच्या ओढीवर चालते, तिच्याशी तुलना केली तरच हे खरं. त्याच भट्टीला खालून ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, लावला की फरक बराच कमी होतो, आणि ब्लोअर स्वस्तातला असेल तर उलटंही होतं. दुसरं असं की डिझेलचा आवाज एका सुरात चालतो, कान त्याला सरावतो. कोळशाचा आवाज मधूनच आणि दचकवणारा. झोपलेल्या माणसाला यातलं काय जास्त त्रास देईल हे त्या माणसावर आहे. आमच्या मातोश्रींना बर्नरच्या आवाजात झोप लागते, पण घमेलं आपटलं की त्या उठून बसतात.

डिझेलचा बर्नर एवढा ओरडतो कशामुळे?

कारण डिझेल नुसतं ओतून नीट पेटत नाही. त्याची धुक्यासारखी बारीक फवारणी करावी लागते. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: दाब हवा, बारीक भोकाचं नोझल हवं. बर्नरमध्ये एक छोटा पंप डिझेल साधारण दहा-बारा बारच्या दाबाने नोझलकडे ढकलतो. मोटरसायकलच्या टायरमध्ये आपण दोन-अडीच बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. पंपाच्याच मोटरवर पंखा असतो, मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे. तो हवा कोंबतो. फवारा आणि हवा एकमेकांत घुसळली जातात आणि त्या घुसळणीतच ज्योत उभी राहते. बर्नरचा जो खरा 'भर्र' आवाज आहे तो मोटरचा नाही, या ज्योतीचा आहे. वर ती जळते लोखंडी पिंपात. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी बोललं की कसं घुमतं, तसं होतं.

सुरू होतानाचा क्रमही ऐकण्यासारखा असतो. आधी पंखा एकटाच फिरतो, आत राहिलेला वायू बाहेर ढकलायला. मग ठिणगीचा 'चर्रर्र'. काही हजार व्होल्ट दोन इलेक्ट्रोडांमध्ये उड्या मारत असतात. मग डिझेलचा व्हॉल्व्ह उघडल्याचा 'खट्'. आणि मग 'भप्प'. हा भप्प लहान असावा. ठिणगी कमकुवत असेल, इलेक्ट्रोडवर काजळी असेल, तर फवारा आधी साठतो आणि मग एकदम पेट घेतो. तेव्हा भप्प राहत नाही, धाडकन होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका धाडकनने चिमणीचा सांधा निखळला होता. मालक बनियनवर धावत आले. मी काजळीने काळा आणि तोंडात शब्द नाही. इलेक्ट्रोडमधलं अंतर मी डोळ्यांनी मापलं होतं, गेज गाडीतच राहिला होता.

मग कोळसा गुपचूप कसा जळतो?

कोळसा खडा आहे. तो वरून वरून, पृष्ठभागावर जळतो. जाळीखालून हवा सावकाश वर येते, चिमणीतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि मागची हवा ओढून घेते. फवारा नाही, दाब नाही, घुसळण नाही. सुरुवातीला धूर आणि पिवळ्या ज्वाळा असतात तोवर थोडी फडफड होते, नंतर लाल निखारे राहिले की भट्टीशेजारी बसून पुस्तक वाचता येतं.

पण हे कोळशाचं कौतुक नाही, हवेचं आहे. गावातल्या लोहाराची भट्टी आठवा. भाता चालू आहे तोवर ज्योत फुरफुरते, भाता थांबला की तोच कोळसा गप्प. इंधन बदललं नाही, हवा बदलली. कोणी 'कोळशाचं यंत्र घ्या, आवाज नाही' म्हणून विकत असेल तर त्याला एकच विचारा: हवा चिमणीने ओढायची आहे की पंख्याने ढकलायची आहे? उत्तर पंखा असेल तर तो पंखा चालू करून दाखवायला सांगा.

कोळशाच्या भट्टीत मग आवाज येतो तो कसला?

माणसाचा. आपल्याकडच्या कोळशात राख फार, शंभर किलोत तीस-चाळीस किलो. परळीच्या औष्णिक केंद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना ती राख माहीत आहे. ती रोज जाळीतून पाडावी लागते, त्यासाठी लोखंडी सळईने जाळी खरवडायची. राख वितळून तिचे चिवट गोळे धरतात, त्याला आम्ही क्लिंकरच म्हणतो. ते पहारीने फोडावे लागतात. मग घमेलं, फावडं, पोतं ओतल्याचा खडखडाट, दाराची कडी. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण वेळ कोणती? पहाटे चारची.

लाकूड घातलं तर तडतड वाढते. तुराट्या आणि पऱ्हाट्या फटाक्यांसारख्या वाजतात, बाभळीचं वाळलेलं लाकूड त्या मानाने शांत. ओलं लाकूड फुसफुसतं आणि धूर करतं. आवाज कमी हवा तर राखेचं काम संध्याकाळी उरका. पोतं वरून ओतू नका, कोळशाचा डबा भट्टीच्या तोंडाशी ठेवून घाला. दाराच्या चौकटीला ॲस्बेस्टॉस नसलेली उष्णतारोधक दोरी लावून घ्या, म्हणजे ठण् जातो आणि नको ती हवा आत शिरत नाही.

माझा मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या घरमालकाकडे तळघरात कोळशाचा बॉयलर आहे म्हणे. घरात कोळसा? आणि तो झोपतो कसा?

हा प्रश्न मला तिघांनी विचारलाय, म्हणून घेतो. तिथला घरचा बॉयलर अंघोळीसाठी नसतो, सगळं घर गरम ठेवण्यासाठी असतो. तळघरात पाणी तापतं, नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरतं. ईशान्य पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरेच्या बाजूला, ॲन्थ्रासाइट नावाचा कठीण कोळसा निघतो. तो धूर जवळजवळ करत नाही, आखूड निळ्या ज्योतीने जळतो. म्हणून त्या भागात काही घरांनी तो अजून सोडलेला नाही. गंमत म्हणजे तिथे बारीक खड्याच्या एका प्रतीला 'राईस' म्हणतात, म्हणजे तांदूळ. हा तांदूळ स्टोकर नावाचं यंत्र आपोआप थोडा थोडा आत सरकवतं. त्याला छोटी मोटर आणि छोटा पंखा असतो. ऐकू येते ती मंद घरघर, आणि मधूनच राख डब्यात पडल्याची सरसर. हाताने कोळसा घालायचा प्रकार असेल तर तेवढीही नाही.

त्याच्याच शेजाऱ्याकडे तेलाचा बॉयलर असेल. तिथलं घर तापवायचं तेल म्हणजे जवळजवळ आपलं डिझेलच, ओळखू यावं म्हणून लाल रंग घातलेलं. बर्नरचं तत्त्वही तेच. फक्त तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे मोटर मिनिटाला साधारण ३४५० फेरे घेते, आपल्याकडे ५० हर्ट्झवर २८००. तिचा सूर म्हणून थोडा चढा लागतो. तळघर, जाड दार आणि मध्ये एक मजला, त्यामुळे वर झोपणाऱ्याला दोन्ही चालतं. मुलाला रात्री 'टक टक' ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा तो बॉयलर नसतो. भिंतीलगतच्या नळ्या गरम होऊन लांबतात आणि पट्ट्यांना घासतात, तो आवाज. त्याला सांगा, घरात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे का ते बघ. झोपेचं नंतर.

आपल्या घराला एवढं काही लागतं का?

नाही. डिसेंबरात परभणीचा पारा एक आकडी झाला तरी आपण शेकोटी करतो, भिंती तापवत नाही. चार-सहा माणसांच्या घराला तांब्याचा बंब, गीझर किंवा सोलर पुरतो. बंबाचा आवाज हा आवाजच नव्हे. पाणी तापत आलं की तो गुणगुणतो आणि आजीला आतून कळतं की बादली लावा. हे पान आहे शंभर-दोनशे पोरांना सकाळी दीड तासात अंघोळ घालायची आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी.

डेसिबलमध्ये सांगा ना.

छोट्या डिझेल बर्नरपासून एक मीटरवर साधारण ६० ते ७० डेसिबल धरा. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज ६० च्या आसपास. चिमणीच्या ओढीवरच्या कोळशाच्या भट्टीचं माप घ्यायला गेलं तर मीटर रस्त्यावरच्या रिक्षाच मोजतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचा हिशेब जमतो. डेसिबल हे सरळ वाढत नाहीत. दहाने वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे एक मीटरवर ६५ असेल तर दोनवर ५९, चारवर ५३, आठवर ४७, सोळावर ४१. मोकळ्यावर, हे पुन्हा सांगतो. दोन इमारतींमधल्या चार फुटी बोळात हा हिशेब चालत नाही. दोन्ही भिंती आवाज एकमेकींकडे फेकतात आणि वरच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतही तो ताजा पोचतो. लातुरात बर्नर बसवायला नेमका हाच बोळ दाखवतात, कारण बाकीच्या जागेत खाटा असतात.

मोबाइलमधल्या ॲपवर फार भरवसा नको. शिवाय मीटर खालच्या, खर्जातल्या आवाजाला कमी गुण देतो, आणि बर्नरच्या मोटरचा सूर तिथलाच. आकडा लहान दिसतो, पण उशीतून छातीत घुमतं. शेजारी खोटं बोलत नसतो.

कायदा काय म्हणतो? शेजारी पोलिसांत जाईन म्हणतात.

जाऊ शकतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

सगळे अडकतात ते 'रात्र' या शब्दावर. नियमात रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. तुमचा बर्नर साडेचारला सुरू होतो. तुमच्यासाठी ती सकाळ असेल, पोरांसाठी अभ्यासाची पहाट असेल, कागदावर ती रात्र आहे. वर दिलेला हिशेब बघा: ६५ चा बर्नर मोकळ्यावर दहा मीटरवर जेमतेम ४५ ला येतो. म्हणजे बोळात ठेवलात तर तुम्ही मर्यादा ओलांडलीच.

यावर मी सुचवतो तो उपाय यंत्राचा नाही, घड्याळाचा. टाकी मोठी घ्या, तिला जाड ग्लासवूल आणि वरून पत्रा मारा, आणि पाणी रात्री नऊच्या आत तापवून ठेवा. चांगली गुंडाळलेली टाकी सकाळपर्यंत थोडेच अंश गमावते. बर्नर झोपलेला, शेजारी झोपलेले, पाणी गरम. लोकांना हे पटत नाही. यंत्र बदलायला तयार असतात, वेळ बदलायला नाही.

यंत्र नवीन होतं तेव्हा शांत होतं. आता टाकीतून दगड हलवल्यासारखा आवाज येतो. भट्टी फुटणार का?

बहुधा फुटणार नाही, पण दुर्लक्षही करू नका. हा आवाज कोळशाचा नाही आणि डिझेलचाही नाही. हा आपल्या बोअरच्या पाण्याचा आहे.

मराठवाड्यातलं बोअर म्हणजे काळ्या पाषाणाच्या भेगांमधलं पाणी. जितकं खोल जावं तितके बहुतेक ठिकाणी क्षार वाढतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याआधीच्या त्या कोरड्या महिन्यांत मांजरा धरण आटलेलं आणि गाव बोअरवर आणि टँकरवर जगत होतं. त्या उन्हाळ्यानंतर मी जितक्या टाक्या उघडल्या तितक्या आधीच्या पाच वर्षांत उघडल्या नव्हत्या. एका वसतिगृहातली अजून आठवते. झाकण काढलं, आत बॅटरी मारली, तर तळाला पांढरट पिवळा थर, बाजरीच्या भाकरीएवढा जाड. स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर पापुद्रा सुटावा तसा तुकडा निघाला, आणि त्याच्याखाली पत्रा निळसर पडलेला. म्हणजे तिथे पत्रा भलताच तापत होता.

होतं असं: थर उष्णता अडवतो. खालून ज्योत तापवत राहते, पण पाण्यापर्यंत ती पोचत नाही. थराच्या भेगांमध्ये अडकलेलं थोडंसं पाणी मात्र एकदम उकळतं. वाफेचे बुडबुडे सुटतात आणि वरच्या थंड पाण्यात येऊन फटकन मिटतात. असे हजारो बुडबुडे मिटतात तेव्हा ती खडखड ऐकू येते. चहाचं भांडं उकळायच्या आधी 'सुंऽ' करतं, त्याचाच हा मोठा भाऊ.

डिझेलच्या यंत्रात हा आवाज लवकर येतो, कारण त्याची ज्योत एका जागी मारा करते. कोळशाचा विस्तव पसरट असतो, तिथे तो उशिरा येतो. पण येतो.

लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने थर सुटतो. पंप लावून ते टाकीत फिरवायचं, आधी फेस येतो, फेस थांबला की काम झालं, मग दोनदा पाण्याने धुऊन काढायचं. संडास धुवायचं ॲसिड कोणी ओतू नका. एकाने ओतलं होतं; थर गेला, त्याच्याबरोबर वेल्डिंगही गेलं. आणि थर्मोस्टॅट ७०-८० वर लावून ठेवायची सवय सोडा. पाणी ६० च्या वर गेलं की क्षार फार झपाट्याने बसतात. अंघोळीला पंचेचाळीस पुष्कळ झालं.

बर्नर तळमजल्यावर आहे, पण सर्वात जास्त आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. असं कसं?

आवाज हवेतून गेलाच नाही, तो नळातून चढला. मोटर थरथरते, ती थरथर लोखंडी पाईपात जाते, पाईप भिंतीला क्लॅम्पने घट्ट आवळलेला, भिंत स्लॅबला जोडलेली. खोलीतली भिंत मग स्पीकरच्या पडद्यासारखी वाजते. तबल्याच्या शाईवर बोट मारलं तरी नाद सगळ्या खोडातून येतो ना, तसं.

यात चूक बहुतेक वेळा फिटरची असते, आणि इथे फिटर म्हणजे मीही. एका ठिकाणी मी नळांतून पाणी फिरवणारा पंप सरळ स्लॅबवर बोल्ट मारून बसवला, कारण रबराचे पॅड त्या दिवशी दुकानात नव्हते. 'नंतर घालू' म्हटलं. वरच्या खोलीत बारावीची पोरगी. आठ दिवसांनी तिच्या वडिलांनी मला बोलावलं, एक शब्द बोलले नाहीत, फक्त तिची पाण्याची बाटली टेबलावर ठेवून दाखवली. पाण्यावर बारीक वलयं उठत होती. त्याच संध्याकाळी मी चार पॅड आणि पाईपला दोन रबरी जोड बसवले. खर्च एका जेवणाच्या ताटाएवढाही आला नसेल.

तुम्ही स्वतःही तपासू शकता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. हलत्या पंख्यापासून हात आणि ओढणी, टॉवेल लांब ठेवा. बेअरिंग चांगलं असेल तर गुळगुळीत गुणगुण येते. गेलेलं असेल तर जात्यात खडा आल्यासारखं कुरकुरतं. मग तेच टोक क्लॅम्पवर ठेवा. तिथेही तितकंच जोरात ऐकू आलं तर चोर सापडला.

बर्नरभोवती पेटी बांधली तर?

बांधा, पण श्वास ठेवून. प्लायवुडची पेटी, आतून ग्लासवूल, आणि हवा यायला वळणाचा मार्ग, म्हणजे हवा आत जाईल पण आवाज सरळ बाहेर येणार नाही. चारी बाजूंनी बंद पेटी केली तर बर्नर गुदमरतो, काजळी धरतो आणि आवाज वाढतो. एकांनी गोणपाट गुंडाळलं होतं. डिझेलच्या यंत्राला गोणपाट!

चिमणीच्या तोंडातूनही आवाज निघतो, हे लोक विसरतात. ते तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे असेल तर खाली कितीही पॅड घाला.

म्हणजे कोळशाची भट्टी शांत, म्हणून चांगली?

शांत आहे. म्हणूनच जपा.

बर्नर बिघडला की बोंबलतो. कोळशाची भट्टी बिघडली की काहीच बोलत नाही. हवा कमी पडली, डॅम्पर, म्हणजे चिमणीची झडप, पूर्ण बंद केला, चिमणीत पक्ष्याने घरटं केलं, तर निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थंडीने आलंय. कोळशाची शेगडी किंवा पेटता बंब बंद न्हाणीघरात, बंद खोलीत कधीही नको. गॅस गीझरलाही हाच नियम, न्हाणीघराला खाली आणि वर हवेची जाळी पाहिजेच. भट्टीच्या खोलीत वॉचमन झोपतो ही पद्धत अनेक ठिकाणी आहे, थंडीत ऊब मिळते म्हणून. मी ज्या जागी काम घेतो तिथे पहिल्यांदा ती खाट बाहेर काढायला लावतो.

खर्चाचं सांगून टाका.

भाव रोज बदलतात, म्हणून रुपयांत नाही, वजनात सांगतो. दोनशे मुलं, प्रत्येकी पंधरा लिटर, म्हणजे तीन हजार लिटर. पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायचं. त्याला ७५,००० किलोकॅलरी लागतात. चांगल्या बर्नरमध्ये दहा-अकरा लिटर डिझेल. साध्या भट्टीत मध्यम प्रतीचा कोळसा तीस किलोच्या वर, आणि त्यातून रोज दहा-बारा किलो राख. ती राख कुठे टाकणार हे आधी ठरवा. नगरपालिकेची घंटागाडी ती घेत नाही, असं मला तरी अनेकांनी ऐकवलंय.

बॉयलर म्हटल्यावर इन्स्पेक्टर, परवाना, हे सगळं?

वाफ करत असाल तर हो. नुसतं पाणी १०० अंशांच्या खाली तापवणारी टाकी कायद्याच्या व्याख्येत बॉयलर धरली जात नाही. १९२३ च्या बाष्पक कायद्यात दुरुस्तीनंतर तसं होतं. २०२५ मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा आणला आहे. मेसमध्ये वाफेवर भात शिजवायचं यंत्र घेत असाल तर मात्र बाष्पके संचालनालयात आधी चौकशी करा. आणि टाकी वाफेची नसली तरी तिला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. त्याच्या नळीला बूच मारू नका. 'थेंब पडतात म्हणून मारला' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

तुमच्या स्वतःच्या वसतिगृहात तुम्ही काय बसवाल?

गच्चीवर सोलर, जितकं मावेल तितकं. आपल्याकडे ऊन ही एकच गोष्ट फुकट आणि भरपूर आहे. त्याच्या जोडीला पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी छोटा डिझेल बर्नर किंवा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र. हीट पंपालाही आवाज आहे, मोठ्या कूलरसारखा, पण तो भर दुपारी चालवता येतो, आणि दुपारी कूलरच्या आवाजाला मराठवाड्यात कोण विचारतं. कोळसा मी गावात बसवणार नाही. आवाजासाठी नाही, धुरासाठी. शेतातल्या मंगल कार्यालयाला, जिथे पन्नास मीटरवर फक्त तूर उभी आहे, तिथे लाकडाची भट्टी खुशाल लावा.

फोनवर आवाज ऐकवला तर बिघाड सांगता येतो का?

बऱ्याचदा येतो. पण लोक चुकीचं रेकॉर्डिंग पाठवतात: बर्नर दहा मिनिटं चालू आहे, मागे पोरं ओरडतायत आणि मध्येच मालक मला सांगतायत काय बिघडलंय ते. तसं नको. बर्नर पूर्ण बंद असताना रेकॉर्डिंग सुरू करा, फोन दोन हातांवर धरा, मग बटण दाबा आणि पहिली तीस सेकंद कोणी बोलू नका. पंखा, चर्रर्र, खट्, भप्प: यातलं कोण उशिरा आलं किंवा आलंच नाही, हे मला त्यात कळतं. मग बंद करा आणि बंद होतानाचाही आवाज येऊ द्या. ज्योत विझल्यावरही फुसफुस चालू राहिली तर व्हॉल्व्ह गळतोय; डिझेलचा मुख्य नळ बंद करा, आणि मी येईपर्यंत परत बटण दाबू नका.